बॅटल रिव्हर–क्रोफुट: ऐंशी टक्क्यांचा मतदारसंघ समजून घेताना

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात बॅटल रिव्हर–क्रोफुट या संसदेच्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. उमेदवार होते २१४. मतपत्रिकेवर मात्र एकाचेही नाव छापलेले नव्हते. एक कोरी ओळ होती आणि मतदाराने आपल्या हाताने तिथे नाव लिहायचे होते. एवढी गर्दी असूनही निकालाबद्दल कुणालाच शंका नव्हती. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे राष्ट्रीय नेते पिएर पॉलिएव्ह सुमारे ८० टक्के मते घेऊन जिंकले.

त्याआधी साधारण पावणेचार महिने, २८ एप्रिलच्या सार्वत्रिक निवडणुकीत, हेच पॉलिएव्ह राजधानी ओटावाजवळच्या कार्लटन या स्वतःच्या मतदारसंघात लिबरल उमेदवार ब्रूस फॅनजॉय यांच्याकडून हरले होते. २००४ पासून ते खासदार होते. पक्ष मुख्य विरोधी पक्ष झाला, पण त्याच्या नेत्यालाच सभागृहात बसायला जागा उरली नाही. तेव्हा बॅटल रिव्हर–क्रोफुटचे खासदार डेमियन क्यूरेक यांनी नुकतीच जिंकलेली जागा त्यांच्यासाठी सोडली.

बातमी इथे संपते. पण नेत्याला हमखास निवडून यायचे असेल तर याच भागाकडे का जावे, हे कळायला थोडे मागे जावे लागते, आणि मागे गेल्यावर चित्र बरेच वेगळे दिसते.

मतदारसंघ आखतो कोण?

कॅनडाच्या संसदेचे कनिष्ठ सभागृह म्हणजे हाउस ऑफ कॉमन्स. २०२५ मध्ये त्यात ३४३ जागा होत्या. निवडणुकीची पद्धत आपल्यासारखीच आहे: एका जागेवर एक खासदार, ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, निम्म्याहून अधिक मतांची अट नाही.

फरक आहे तो सीमांच्या बाबतीत. भारतात राज्यांच्या वाट्याच्या लोकसभा जागा अजून १९७१ च्या जनगणनेवर अडलेल्या आहेत. कॅनडात दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर जागांची संख्या आणि सीमा दोन्ही नव्याने ठरतात. प्रत्येक प्रांतासाठी तीन सदस्यांचा आयोग नेमला जातो. अध्यक्ष सहसा न्यायाधीश असतो, प्रांताच्या सरन्यायाधीशांनी नेमलेला. उरलेले दोघे सभापती नेमतात. प्रांताची लोकसंख्या भागिले जागा, म्हणजे सरासरी, आणि तिच्यापासून २५ टक्के वर किंवा खाली जाण्याची मुभा. २०२१ च्या जनगणनेनंतर अल्बर्टाच्या जागा ३४ वरून ३७ झाल्या आणि सरासरी १ लाख १५ हजारांच्या घरात आली. बॅटल रिव्हर–क्रोफुटची लोकसंख्या सुमारे १ लाख १० हजार, म्हणजे सरासरीच्या जवळच.

ही माणसे पसरली आहेत ५० हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या माळरानावर, म्हणजे गोव्याच्या दहापटीहून जास्त क्षेत्रावर. सर्वांत मोठे शहर कॅमरोझ, वस्ती १९ हजारांच्या आसपास. ड्रमहेलर ही एकेकाळची कोळसा खाणींची वसाहत, आज डायनासोरच्या संग्रहालयासाठी प्रसिद्ध. वेनराइटला लष्कराचा तळ आहे. हार्डिस्टीला तेलाच्या प्रचंड टाक्या आणि पाइपलाइनींचे जंक्शन आहे. अमेरिकेकडे तेल नेणारी कीस्टोन पाइपलाइन तिथूनच निघते. बाकी गहू, कॅनोला, गुरे आणि तेलविहिरी.

नकाशा बदलतो, नाव मागे राहते

‘या मतदारसंघाचा इतिहास’ असे म्हणताना एक अडचण येते. आजच्या नावाचा मतदारसंघ फक्त २०१५ पासून आहे. तो मुख्यतः जुन्या क्रोफुट आणि व्हेग्रेव्हिल–वेनराइट या मतदारसंघांचे तुकडे जोडून झाला. जुना क्रोफुट १९६८ च्या निवडणुकीपासूनचा. त्याआधी याच माळरानाचे मोठे भाग अकेडिया, बॅटल रिव्हर आणि कॅमरोझ अशा नावांनी ओळखले जात.

क्रोफुट हे सिक्सिका या मूलनिवासी लोकांच्या प्रमुखाचे नाव. ब्रिटिश राजसत्तेशी झालेला १८७७ चा सातवा करार करणाऱ्यांत ते होते. सिक्सिकांची राखीव जमीन मात्र आज शेजारच्या बो रिव्हर मतदारसंघात आहे. सीमा सरकल्या, नाव इथेच राहिले.

म्हणून इथला इतिहास एका मतदारसंघाचा म्हणून वाचण्यापेक्षा एका प्रदेशाचा म्हणून वाचावा. १९७९ चे आकडे आणि २०१९ चे आकडे शेजारी ठेवून ‘इतके टक्के वाढले’ असा हिशेब करू नये. दोन वेळची गावेच वेगळी आहेत.

“हे लोक पिढ्यान् पिढ्या कॉन्झर्व्हेटिव्हच असणार!”

हा पहिला आक्षेप आणि सर्वांत मोठा गैरसमज. गेल्या शंभर-एक वर्षांत या भागाने चार वेळा सत्ताधारी किंवा प्रस्थापित पक्ष उचलून बाजूला ठेवला आहे, आणि प्रत्येक वेळी जवळजवळ एकगठ्ठा.

पहिली वेळ १९२१. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी जमिनीवर वसायला आलेले शेतकरी तोवर संघटित झाले होते. त्यांचे गाऱ्हाणे सोपे होते. गहू विकायचा जागतिक बाजारभावाने, आणि नांगर, यंत्रे घ्यायची ती ओंटारिओ-क्युबेकच्या कारखान्यांची, आयातशुल्काच्या भिंतीआड महाग झालेली. वर रेल्वेचे भाडे पूर्वेकडची माणसे ठरवणार. ‘युनायटेड फार्मर्स ऑफ अल्बर्टा’ या शेतकरी संघटनेने त्या वर्षी प्रांताची सत्ता घेतली आणि डिसेंबरच्या राष्ट्रीय निवडणुकीत अल्बर्टात लिबरल व कॉन्झर्व्हेटिव्ह दोघांनाही एकही जागा मिळाली नाही. बॅटल रिव्हरमधून हेन्री स्पेन्सर आले. पुढे अकेडियातून रॉबर्ट गार्डिनर आले.

या दोघांची पुढची वाटचाल आजच्या वाचकाला चक्रावून टाकेल. ते संसदेतल्या ‘जिंजर ग्रुप’ या बंडखोर गटात होते आणि १९३२ मध्ये कॅलगरीत सीसीएफ या समाजवादी पक्षाची पायाभरणी झाली तेव्हा हाच गट त्यात पुढे होता. सीसीएफ म्हणजे आजच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचा, एनडीपीचा, पूर्वज. आज इथे एनडीपीला दहा टक्केही मते मिळणे अवघड जाते.

दुसरी वेळ १९३५. मंदी होती, दुष्काळ होता, इथल्या हॅना गावाच्या आसपासची शेते अक्षरशः वाऱ्यावर उडून गेली होती. त्यात विल्यम एबरहार्ट हे रेडिओवर प्रवचने देणारे मुख्याध्यापक ‘सोशल क्रेडिट’ची कल्पना घेऊन आले: लोकांच्या हातात खर्चायला पैसाच नसेल तर सरकारने तो थेट द्यावा, प्रत्येक प्रौढाला महिना २५ डॉलर. ऑगस्टमध्ये त्यांनी प्रांत जिंकला, शेतकरी संघटनेचा एकही आमदार उरला नाही. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय निवडणुकीत अल्बर्टाच्या १७ पैकी १५ जागा सोशल क्रेडिटला गेल्या. स्पेन्सर आणि गार्डिनर दोघेही हरले. २५ डॉलर काही कुणाला नियमित मिळाले नाहीत, कारण चलन आणि बँका हा प्रांताचा विषयच नव्हता. तरी बॅटल रिव्हरचे रॉबर्ट फेअर आणि अकेडियाचे व्हिक्टर क्वेल्च पुढची जवळपास दोन दशके निवडून येत राहिले.

तिसरी वेळ १९५८, आणि ही सर्वांत वेगवान. जून १९५७ मध्ये अल्बर्टातून सोशल क्रेडिटचे १३ खासदार आले होते. मार्च १९५८ मध्ये एकही नाही. सतराच्या सतरा जागा प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे नाव बदललेल्या जुन्या कॉन्झर्व्हेटिव्ह, पक्षाकडे गेल्या. नेते होते जॉन डीफेनबेकर, शेजारच्या सस्कॅचेवानमधले वकील. मधल्या नऊ महिन्यांत त्यांच्या सरकारने शेतात साठून पडलेल्या, न विकल्या गेलेल्या गव्हावर आगाऊ रक्कम द्यायचा कायदा केला. ओटावात कुणीतरी आपला माणूस बसला आहे, हे शेतकऱ्याला खिशात कळले.

चौथी वेळ १९९३. इथे त्याआधीची दोन साले लक्षात ठेवायची, १९८० आणि १९८६. १९८० मध्ये पिएर ट्रूडो यांच्या लिबरल सरकारने राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आणला, ज्यात अल्बर्टाच्या तेलाची किंमत केंद्राने जागतिक भावाखाली दाबून ठेवली. लिबरल पक्षाबद्दलची इथली अढी तिथे पक्की झाली. पण १९८६ मध्ये प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारनेही लढाऊ विमानांच्या देखभालीचे मोठे कंत्राट विनिपेगच्या कंपनीऐवजी मॉन्ट्रिऑलच्या कंपनीला दिले, तेव्हा ‘आपले’ सरकारही शेवटी क्युबेककडेच पाहते, अशी भावना झाली. वर १९९१ चा जीएसटी. प्रेस्टन मॅनिंग यांच्या रिफॉर्म पक्षाने हा राग गोळा केला. १९८८ मध्ये अल्बर्टातल्या २६ पैकी २५ जागा असणारा प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष १९९३ मध्ये तिथे शून्यावर आला. रिफॉर्मला २२ मिळाल्या, त्यात क्रोफुट होताच.

रिफॉर्मचा पुढे कॅनेडियन अलायन्स झाला आणि डिसेंबर २००३ मध्ये अलायन्स व उरलासुरला प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष यांचे विलीनीकरण होऊन आजचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष निघाला. पॉलिएव्ह यांचा पक्ष तो हाच. म्हणजे इथल्या मतदाराने पक्ष सोडून दिला आणि दहा वर्षांनी पक्षच त्याच्या मागे चालत आला, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

या चारही वेळा उमेदवारांच्या गुणदोषांपेक्षा एकच प्रश्न महत्त्वाचा ठरला: हा पक्ष आपली बाजू ओटावात मांडतो, की ओटावाची बाजू आपल्याला समजावतो?

जॅक हॉर्नर यांनी काय केले, आणि त्यांचे काय झाले

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर जॅक हॉर्नर यांच्या बाबतीत मिळाले. हे पशुपालक शेतकरी १९५८ मध्ये अकेडियातून आणि १९६८ पासून क्रोफुटमधून प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह तिकिटावर निवडून येत होते. १९७६ मध्ये ते पक्षाच्या नेतेपदासाठी उभे राहिले आणि हरले; नेते झाले जो क्लार्क. एप्रिल १९७७ मध्ये हॉर्नर सभागृहात बाकडे बदलून थेट ट्रूडो यांच्या लिबरल पक्षात गेले आणि मंत्री झाले. पुढे त्यांच्याकडे उद्योग-व्यापार खातेही आले.

पश्चिमेचा माणूस मंत्रिमंडळात असेल तर पश्चिमेची कामे होतील, हा त्यांचा युक्तिवाद तसा तर्काला सोडून नव्हता. १९७९ मध्ये क्रोफुटने तो ऐकून घेतला आणि प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या आर्नल्ड मेलोन यांना प्रचंड फरकाने निवडून दिले. सलग एकवीस वर्षांची खासदारकी एका दिवसात गेली. क्रोफुटला लिबरल खासदार मिळाला तो या दोन वर्षांपुरता, आणि तोही निवडून न देता.

“सुरक्षित जागा” म्हणताना हे प्रकरण विसरू नये. सुरक्षितता पक्षाच्या चिठ्ठीला चिकटलेली असते, माणसाला नाही, आणि ती चिठ्ठीसुद्धा एका पिढीपुरतीच टिकते. २००० मध्ये रिफॉर्मचे जॅक रॅमसे फौजदारी खटल्यात दोषी ठरल्यावर पक्षाबाहेर पडून अपक्ष उभे राहिले, तेव्हा अलायन्सच्या केव्हिन सोरेन्सन यांनी त्यांना सहज हरवले. सोरेन्सन २०१९ पर्यंत खासदार होते, मध्ये राज्यमंत्रीही झाले.

“८० टक्के मते म्हणजे पक्षाची चांदीच!”

उलट. बॅटल रिव्हर–क्रोफुटमधून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला २०१५ मध्ये सुमारे ८१ टक्के, २०१९ मध्ये ८५, २०२१ मध्ये ७१ आणि एप्रिल २०२५ मध्ये ८३ टक्के मते पडली. एप्रिल २०२५ मध्ये क्यूरेक यांना ५३ हजारांहून अधिक मते होती आणि दुसऱ्या क्रमांकाच्या लिबरल उमेदवाराला साडेसात हजारांच्या आसपास. जिंकायला आठ हजार पुरली असती. उरलेली पंचेचाळीस हजार मते म्हणजे टाकी भरल्यावरही चालू राहिलेली मोटर: पाणी ओसंडते, पण शेजारच्या टाकीत एक थेंब जात नाही.

देशपातळीवर हा हिशेब महागात पडतो. २०१९ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला देशभरात ३४.३ टक्के मते आणि १२१ जागा मिळाल्या, तर लिबरल पक्षाला ३३.१ टक्के मते आणि १५७ जागा. २०२१ मध्ये तेच: ३३.७ टक्क्यांना ११९ जागा, ३२.६ टक्क्यांना १६०. पश्चिमेकडच्या मतदारसंघांत मते ढिगाने साचतात आणि टोरोंटोच्या उपनगरांत जागा थोडक्याने जातात. म्हणून प्रचारात नेते तिकडेच जास्त दिसतात. इथल्या लोकांची “आम्हाला गृहीत धरतात” ही तक्रार खोटी नाही. ती निवडणूक पद्धतीतच बसलेली आहे.

त्यावर मतदाराकडे उपाय काय? २०२१ चा ७१ टक्क्यांचा आकडा पुन्हा पाहा. त्या वर्षी कोविडच्या निर्बंधांवरून नाराज असलेली मते पीपल्स पार्टी आणि पश्चिमेच्या स्वायत्ततेची भाषा करणारी मॅव्हरिक पार्टी यांच्याकडे गळाली. मतदानालाही कमी लोक आले. पक्षाची मते ५३ हजारांवरून ४२ हजारांच्या आत आली. जागा गेली नाही, पण इशारा पोचला. दुसरी संधी पक्षांतर्गत उमेदवार निवडीची. तिथे स्थानिक पक्षसदस्य मतदान करतात आणि अशा मतदारसंघात खरी लढत तीच असते. मात्र कायद्यानुसार पक्षाची उमेदवारी मिळायला नेत्याची किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीची संमती लागते. नेता स्वतःच उभा राहणार असेल तर ही पायरी नावापुरतीच उरते.

“बाहेरचा माणूस इथे उभा राहतोच कसा?”

कायदा आड येत नाही. उमेदवार त्या मतदारसंघात राहणारा असलाच पाहिजे, अशी अट कॅनडात नाही. नेत्यासाठी जागा मोकळी करण्याची प्रथाही जुनी आहे. मॅकेन्झी किंग पंतप्रधान असताना दोनदा, १९२५ आणि १९४५ मध्ये, स्वतःची जागा हरले आणि दोन्ही वेळा दुसरीकडून पोटनिवडणुकीत आले. पुढे पंतप्रधान झालेले पक्षनेते ब्रायन मल्रोनी १९८३ मध्ये नोव्हा स्कोशियातून आणि जाँ क्रेतियाँ १९९० मध्ये न्यू ब्रन्सविकमधून असेच आले.

प्रक्रियेला मात्र वेळ लागतो. निकालाला न्यायालयात आव्हान देण्याची मुदत संपेपर्यंत नव्या खासदाराला राजीनामाच देता येत नाही. त्यामुळे क्यूरेक यांनी मे महिन्याच्या सुरुवातीला घोषणा करूनही राजीनामा दिला तो १७ जूनला. मग सभापती मुख्य निवडणूक अधिकाऱ्याला रिक्त जागेची सूचना देतात आणि त्यानंतर ११ ते १८० दिवसांच्या आत निवडणूक जाहीर करावी लागते. तारीख पंतप्रधानांच्या हातात. मार्क कार्नी यांनी मनात आणले असते तर प्रकरण हिवाळ्यापर्यंत लांबले असते. त्यांनी ३० जूनलाच घोषणा केली. गिरीश बापट यांच्या निधनानंतर पुण्याची लोकसभा जागा वर्षभराहून अधिक काळ रिकामी राहिली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले, हे आठवणाऱ्यांना ही तत्परता टोचेल.

कायद्याने चालते म्हणून मतदारांना आवडतेच असे नाही. टोफील्डच्या माजी सैनिक बॉनी क्रिचली “स्थानिक प्रतिनिधी हवा” म्हणत अपक्ष उभ्या राहिल्या आणि लिबरल, एनडीपी दोघांनाही मागे टाकून दुसऱ्या आल्या. त्यांची मते मात्र दहा टक्क्यांच्या किंचित खाली राहिली, आणि ही रेष पैशाच्या दृष्टीने महत्त्वाची. दहा टक्के मते मिळवणाऱ्या उमेदवाराला निवडणूक खर्चाचा ६० टक्के भाग सरकारकडून परत मिळतो. या पोटनिवडणुकीत ती रेष फक्त पॉलिएव्ह यांनी ओलांडली.

२१४ उमेदवार आले कुठून?

निवडणूक पद्धतच बदला, आणि ते काम राजकारण्यांऐवजी नागरिकांच्या समितीकडे द्या, अशी मागणी करणारा ‘लाँगेस्ट बॅलट कमिटी’ नावाचा गट हे मुद्दाम घडवून आणतो. कार्लटनमध्येही त्यांनी ९१ उमेदवारांची, जवळपास मीटरभर लांबीची मतपत्रिका करायला लावली होती.

हे शक्य होते कारण अडथळे कमी आहेत. एक हजार डॉलरची अनामत २०१७ मध्ये अल्बर्टातल्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. उरली ती १०० स्थानिक मतदारांच्या सह्यांची अट. पण एकच मतदार कितीही उमेदवारांच्या अर्जावर सही करू शकतो, त्यामुळे तेच शंभर जण दोनशे उमेदवार उभे करू शकतात.

मराठी वाचकाला हे नवे वाटायचे कारण नाही. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी बेळगावात अर्जांचा पाऊस पडला आणि ४५६ उमेदवार रिंगणात राहिले. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ होते. भारताने उत्तर दिले ते अनामत ५०० रुपयांवरून १० हजारांवर नेऊन. कॅनडात तो रस्ता न्यायालयाने बंद केला आहे, म्हणून चर्चा सह्यांभोवती फिरते. पॉलिएव्ह यांची सूचना अशी की मतदारसंघाच्या लोकसंख्येच्या अर्धा टक्का सह्या हव्यात आणि एका मतदाराने एकाच अर्जावर सही करावी. बॅटल रिव्हर–क्रोफुटपुरता हिशेब केला तर साडेपाचशे सह्या. मोठ्या पक्षाला ते एका दुपारचे काम; पण पन्नास हजार चौरस किलोमीटरच्या माळरानावर एकट्याने फिरणाऱ्या अपक्षाला नाही. दुसरी अट एकटीच लावली तरी २१४ चा आकडा कोसळेल, आणि खऱ्या अपक्षाचे फारसे बिघडणार नाही.

कोऱ्या ओळीचे काय झाले, हेही सांगायला हवे. केंद्रावर उमेदवारांची पूर्ण यादी ठेवलेली होती. स्पेलिंग चुकले तरी हेतू स्पष्ट असेल तर मत वैध. नुसते पक्षाचे नाव लिहिले तर अवैध. मतदान सुमारे ५९ टक्के झाले. ऐन ऑगस्टमधल्या, निकाल ठरलेल्या पोटनिवडणुकीसाठी हे प्रमाण चांगलेच म्हणायचे.